मत अलीकडे, मळ पलीकडे

हिगाशी-ओजिमा स्टेशन चक्क नदीवर बांधलेलं आहे. खाली जुनी नाकागावा वाहते. पश्चिमेच्या दारानं बाहेर पडलात की तुम्ही तोक्योच्या कोतो वॉर्डात, पूर्वेच्या दारानं पडलात की एदोगावा वॉर्डात. दोन्हींकडचे नगरसेवक वेगळे, वॉर्डप्रमुख वेगळे, मतदारयाद्या वेगळ्या.

तुम्ही मूळचे डोंबिवलीचे. ओजिमा सहा-चोमे या भागातल्या वसाहतीत भाड्यानं राहता. लिफ्टमध्ये तेलुगू, हिंदी, मराठी कानावर पडतं आणि बाहेर दाराशी जपानी आजी कचऱ्याच्या पिशव्या नीट लावत असतात. रविवार आहे, म्हणून तुम्ही पूर्वेच्या दारानं निघून ओजिमा-कोमात्सुगावा उद्यानाचा चढ चढता. सगळा परिसर सपाट, किंबहुना समुद्रसपाटीपेक्षाही खाली, आणि मध्येच ही टेकडी. टेकडीवर किल्ल्याच्या बुरुजासारखं एक बांधकाम उभं आहे. १९३० सालचा कोमात्सुगावाचा जलदरवाजा. कमी-जास्त पातळीच्या पाण्यातून नावा पार करण्यासाठी बांधलेला. आज त्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग जमिनीत गाडलेला आहे. मुलं त्याच्या भिंतीवर चेंडू मारतात.

दरवाजा खचलेला नाही. त्याच्याभोवती जमीन वर आणलेली आहे. ती कुणी आणली, कशानं भरली आणि त्याची परवानगी देणाऱ्यांना निवडून कुणी दिलं, हे बघायला मागं जावं लागतं.

१९४५

तुम्ही त्याच जागी उभे आहात, पण टेकडी नाही. १० मार्चच्या रात्री अमेरिकी विमानांनी टाकलेल्या आगीच्या बॉम्बनी हा सगळा पट्टा जाळून टाकला आहे. कारखान्यांच्या चिमण्या तेवढ्या उभ्या आहेत, त्यांतून धूर नाही. विहिरींवरचे पंप बंद आहेत.

आणि जमीन खचायची थांबली आहे.

युद्धाआधी इथं काही ठिकाणी जमीन वर्षाला १० सेंटीमीटरहून जास्त खाली जात होती. कारण काय, यावर वाद चालू होता. भूकंपामुळे, मातीच्या वयामुळे, इमारतींच्या भारामुळे, असं जो तो आपल्या सोयीचं कारण सांगे. भूभौतिकशास्त्रज्ञ वादाची कियो यांनी ओसाकातल्या मोजमापांवरून सांगितलं होतं की कारखाने भूजल उपसतात म्हणून जमीन बसते. ते मान्य करायचं तर पंपांना हात लावावा लागला असता. मग कारखाने जळाले, पंप थांबले आणि जमीनही थांबली. प्रयोगशाळेत करता आला नसता असा पुरावा शहराच्या राखेत मिळाला.

तुम्हाला वाटेल, आता कायदा होणार. १९५० च्या सुमारास कारखाने पुन्हा धडधडू लागतात, जमीन पुन्हा खचू लागते. औद्योगिक पाण्याचा कायदा येतो १९५६ मध्ये आणि या भागाला तो लागू होतो १९६१ मध्ये. त्यातही एक मेख आहे. जिथं कारखान्यांना पर्यायी पाणी नळानं पुरवायची सोय झाली आहे किंवा लवकरच होणार आहे, तिथंच विहिरींवर बंधन घालता येतं. १९६४ मध्ये तोक्योचं औद्योगिक पाणी कोतो भागात येऊ लागतं. जमिनीखालचा वायू उपसणाऱ्यांचे हक्क तर महानगर सरकार १९७२ मध्ये रोख मोजून विकत घेतं. तेव्हा कुठं जमीन स्थिरावते. तोवर कोतो वॉर्डात मिनामीसुना भागातली जमीन सुमारे ४.५ मीटर खाली गेलेली असते.

कुणा मंत्र्याला पुरावा कळला नाही, असं नाही. पंप बंद करायला सांगणाऱ्याच्या मागं मतं नव्हती आणि पंप चालवणाऱ्याच्या मागं हजारो नोकऱ्या होत्या. पंपवाल्यांची भरपाई झाली तेव्हा सगळ्यांनाच विज्ञान पटलं.

१९५८

जूनची १० तारीख. तुम्ही एदोगावा नदीच्या काठावर आहात. समोर होन्शू पेपरचा कागद कारखाना, आणि त्याच्या नाल्यातून एप्रिलपासून वाहणारं काळं पाणी. खाली नदीच्या मुखाशी उरायासू. तिथले कोळी शिंपले आणि समुद्री शेवाळ यांवर जगतात. शिंपले मरून तरंगू लागले आहेत.

सकाळी कोळ्यांनी तोक्योत जाऊन संसद आणि महानगर सरकारची दारं ठोठावली. संध्याकाळी परत येताना ते कारखान्याच्या फाटकाशी थांबतात. तुमच्या शेजारचा पोरगेला कोळी हातातल्या पिशवीतून शिंपला काढून तुमच्या नाकाशी धरतो. वासानं तुम्ही तोंड फिरवता. मग दगड, मग पोलिसांच्या लाठ्या. दोन्हीकडचे अनेक जण जखमी होतात.

नकाशा काढून बघा. कारखाना तोक्योत, उरायासू चिबा प्रांतात. काळं पाणी सोडणाऱ्याचं मत एका गव्हर्नरला, काळं पाणी पिणाऱ्याचं मत दुसऱ्याला. प्रांताची हद्द पाण्याला कळत नाही, पण निवडणुकीला पक्की कळते. फाटक मोडल्याशिवाय पलीकडच्या कोळ्याचं म्हणणं अलीकडे पोचलं नाही.

त्याच डिसेंबरात पाण्याच्या प्रदूषणावर जपानचे पहिले दोन राष्ट्रीय कायदे होतात. त्यांत वेगवेगळ्या उद्योगांचा एकमेकांशी मेळ राखायचा असं उद्दिष्ट घातलं आहे, आणि सरकार नदी किंवा खाडी आधी नेमून देईल तिथंच ते लागू होतात. आता दक्षिणेला मिनामाताकडे बघा. चिस्सो कंपनीच्या पाऱ्यानं माणसं लुळी पडत आहेत. तिथली खाडी या कायद्याखाली नेमली जाते १९६९ मध्ये, चिस्सोनं ती प्रक्रिया बंद केल्यावर. मिनामाता शहर कंपनीच्या पगारावर जगत होतं. कंपनीविरुद्ध बोलणारा कोळी आपल्याच गावात वाळीत पडत होता.

१९६७

तुम्ही तोक्योच्या ओतेमाची भागात आहात. केइदानरेनची नवी कोरी इमारत. ही देशातल्या मोठ्या उद्योगांची शिखर संघटना. सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाला कुठल्या उद्योगानं किती देणगी द्यायची याचे वाटे इथंच पाडले जातात, आणि ही पद्धत १९९३ पर्यंत चालणार आहे. यात लपूनछपून काही नाही. पोलाद इतकं, वीज इतकी, बँका इतक्या. वर्गणी काढावी तशी.

प्रदूषणाविषयीच्या मूळ कायद्याचा मसुदा फिरतो आहे. आरोग्य मंत्रालयाला तो कडक हवा, उद्योग मंत्रालयाला आणि या इमारतीला मवाळ. शेवटी कायदा होतो तेव्हा त्यात एक कलम बसलेलं असतं. माणसाचं आरोग्य जपायचं, ते बिनशर्त. पण राहणीचं पर्यावरण जपताना अर्थव्यवस्थेच्या निकोप वाढीशी मेळ राखायचा. कुणी तक्रार केली की अधिकारी बोट ठेवतात ते याच कलमावर. एवढ्यासाठी लाच द्यावी लागली नाही. ज्याच्या देणगीवर निवडणूक लढवायची आणि ज्याच्या कारखान्यात मतदारसंघ पोट भरतो, त्याचं म्हणणं खासदाराला मुळातच रास्त वाटतं. लॉबिंगचं बरंचसं काम असं आपोआप होतं.

पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये तोक्योच्या मतदारांनी अर्थशास्त्राचे प्राध्यापक मिनोबे र्‍योकिची यांना गव्हर्नर केलं आहे. पाठिंबा समाजवादी आणि कम्युनिस्टांचा. केइदानरेनच्या वर्गणीवर त्यांची मदार नाही. त्यांची मदार आहे ती धुरात खोकणाऱ्या, वसाहतींत राहणाऱ्या पगारदारांवर. १९६९ मध्ये ते महानगराचा स्वतःचा प्रदूषणविरोधी नियम आणतात, राष्ट्रीय नियमाहून कडक. केंद्राचे कायदेपंडित म्हणतात, हे बेकायदा आहे. पुढच्या जुलैत सुगिनामी वॉर्डात शाळेच्या मैदानावर मुली डोळे चोळत कोसळतात, तपकिरी धुक्यानं. मोठी शहरं एकामागून एक हातची निसटताना पंतप्रधान सातो एइसाकू बघतात आणि १९७० च्या अखेरीला संसदेचं खास अधिवेशन बोलावतात. १४ कायदे होतात, मेळाचं कलम निघून जातं, स्थानिक सरकारांना जास्त कडक नियम करायची मोकळीक मिळते.

तीन वर्षांपूर्वी ज्या पक्षानं कलम घातलं, त्याच पक्षानं ते काढलं. माणसं तीच होती. मतदान कुठं फिरतं आहे, ते त्यांना दिसलं होतं. तरी १९७१ मध्ये मिनोबे ३६ लाखांहून जास्त मतं घेऊन पुन्हा निवडून येतात. त्यांची घोषणा होती, तोक्योला निळं आकाश.

१९७३

आता तुम्ही ओजिमात परत आला आहात. तुमची सहा-चोमेची वसाहत अजून नवीच आहे. कारखान्यांच्या जमिनी एकेक करून विकल्या जात आहेत आणि तिथं घरं उभी राहत आहेत. राजकारणाच्या दृष्टीनं हीच मोठी घडामोड आहे. कालपर्यंत ओजिमात राहणारा माणूस कारखान्याचा कामगार होता, धूर म्हणजे त्याचा पगार. आजचा रहिवासी सकाळी गाडीनं ऑफिसला जातो. धुराशी त्याचा संबंध फक्त श्वासापुरता.

२२ मेच्या सकाळी तुम्ही दक्षिणेकडे, समुद्रात भराव घालून केलेल्या नव्या युमेनोशिमाच्या रस्त्यावर जा. तोक्योच्या वॉर्डांतला बहुतेक कचरा कोतोत येऊन पडतो. रोज हजारो ट्रक याच रस्त्यांनी जातात, आणि १९६५ च्या उन्हाळ्यात जुन्या युमेनोशिमातून उठलेल्या माशांनी कोतोच्या घरात जेवणं मुश्कील केली होती. सुगिनामीच्या रहिवाशांनी आपल्याकडे कचरा जाळायची भट्टी बांधायला विरोध केला आहे. आज कोतोचे वॉर्डप्रमुख कोमात्सुझाकी गुंजी आणि सभेचे सदस्य स्वतः रस्त्यावर उभे आहेत. सुगिनामीचा ट्रक दिसला की परत फिरवत आहेत. उजवे आणि डावे एकाच रांगेत आहेत. कचऱ्याच्या प्रश्नात कोतोतल्या कुठल्याही पक्षाला दुसरी भूमिका परवडणारीच नव्हती.

गंमत मिनोबेंची. १९७१ मध्ये त्यांनीच कचऱ्याशी युद्ध जाहीर केलं होतं. आता कोतोही त्यांचं आणि सुगिनामीही त्यांचं. दोन्हीकडे त्यांचे मतदार आहेत. हवेच्या बाबतीत ताठ उभा राहिलेला हा माणूस इथं बैठकांवर बैठका घेतो. सुगिनामीचा समेट होतो १९७४ मध्ये. धूर सोडणारा कारखानदार परका होता, कचरा टाकणारा तर त्यांचाच मतदार. तत्त्व तेच, हिशेब वेगळा.

१९७५

उन्हाळा. भुयारी रेल्वेच्या डेपोसाठी महानगर सरकारनं ओजिमा नऊ-चोमेत जमीन घेतली, ती निप्पॉन केमिकल इंडस्ट्रियल या कंपनीकडून. १९७३ मध्ये तिथं जमीन उकरली, तर खाली क्रोमियमचा चोथा निघाला. खनिजातून क्रोमियम काढून घेतल्यावर उरणारा, षट्संयुजी क्रोमियम अजून धरून असलेला कचरा. आता देशभर बोभाटा झाला आहे.

कुंपणाशी जा. पाऊस पडून गेला आहे आणि खड्ड्यात पिवळसर हिरवं पाणी साचलं आहे. लिंबाच्या सरबताइतकं स्वच्छ दिसतं. कडेला पाणी सुकलं तिथं मातीवर पिवळी बारीक स्फटिकांची साय धरली आहे. शेजारच्या काकू दोन मुलांना मागं ओढत तुम्हाला सांगतात, "इथं वाकू नका हो, हातही लावू नका. अहो, आमच्या घराखाली पण हेच आहे. सखल जमीन होती ना, तेव्हा भराव म्हणून फुकट आणून टाकायचे, आणि आम्ही वर त्यांचेच आभार मानले."

दुवा लक्षात आला का? पंपांनी जमीन खचवली, आणि खचलेल्या जमिनीवर भराव म्हणून आला कारखान्याचाच चोथा. नुकसानही त्यांचंच, मदतही त्यांचीच.

पुढं एका घराच्या ओट्यावर एक जुना कामगार बसला आहे. कोमात्सुगावाच्या कारखान्यात उभं आयुष्य गेलं. तो मान वर करून नाक दाखवतो. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार छिद्र आहे, क्रोमियमच्या धुळीनं पाडलेलं. "आमच्यात थट्टा चालायची," तो सांगतो, "भोक पडलं की नोकरी पक्की. आता छातीचं कळतंय. बरोबरचे कितीतरी फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेले." इतकी वर्षं नगरसेवकाकडे का गेला नाहीत, असं तुम्ही विचारता. तो हसतो. "नगरसेवक आमच्याच युनियनच्या आणि आमच्याच मालकाच्या बैठकीला यायचे. कारखाना हलवतील, ही भीती दोघांनाही घालायचे."

कारखाना शेवटी हललाच. क्रोमियमचं काम पश्चिमेला यामागुची प्रांतातल्या तोकुयामाला गेलं. नोकऱ्या गेल्या, मतं बदलली, आणि मग चोथ्यावर बोलणं सगळ्यांना परवडू लागलं. नाकातली भोकं त्याआधीही होतीच.

१९७९ च्या मार्चमध्ये, मिनोबेंची कारकीर्द संपता संपता, महानगर सरकार आणि कंपनी यांच्यात करार होतो. चोथ्यावर प्रक्रिया करायचा खर्च कंपनीनं उचलायचा. फेरस सल्फेट मिसळून विषारी क्रोमियमचं कमी घातक रूप करायचं, भोवती भिंती उतरवायच्या, वर स्वच्छ माती टाकायची. १९८० मध्ये सुरू झालेलं काम २००० मध्ये संपतं. तुमची टेकडी ती ही. कामगारांना न्याय मिळतो तो सभागृहात नव्हे, न्यायालयात, १९८१ च्या सप्टेंबरमध्ये, आणि तेव्हा वारसदारांच्या रांगेत विधवा उभ्या असतात.

१९७८, आणि २००३

डिसेंबर १९७८ मध्ये ओजिमाला भुयारी रेल्वे आली. त्याच वर्षी जुलैमध्ये देशानं हवेतल्या नायट्रोजन डायऑक्साइडची मर्यादा सैल केली होती. १९७३ ची मर्यादा दिवसाच्या सरासरीला ०.०२ पीपीएम, नवी ०.०४ ते ०.०६. तेलाच्या धक्क्यानंतर पोलाद उद्योग आणि केइदानरेन यांनी सतत लावून धरलं होतं की जुनी मर्यादा विज्ञानाला धरून नाही, महागात पडते. लोक नोकरीच्या काळजीत होते, निळ्या आकाशाची हाक विरली होती. १९७० मध्ये जे दार लोकांनी उघडलं होतं, ते आठ वर्षांनी उद्योगांनी निम्मं लोटलं. नियम एकदा झाला की झाला, असं कधीच नसतं. दाराशी रोज कोण उभं राहतं, त्यावर तो रुंद किंवा अरुंद होतो.

मग २००३ च्या ऑक्टोबरमध्ये या. गव्हर्नर इशिहारा शिंतारो, कडवे उजवे, मिनोबेंच्या अगदी उलट टोकाचे. पत्रकारांसमोर काजळीनं भरलेली प्लॅस्टिकची बाटली हलवून दाखवणारे. जुन्या डिझेल गाड्यांना तोक्यो आणि शेजारच्या तीन प्रांतांत बंदी त्यांनी आणली. विचारसरणीनं याचं उत्तर मिळत नाही. मोटारी बनवणारे बहुतेक कामगार मत देतात आइचीत आणि इतर प्रांतांत, धूर गिळणारा मत देतो तोक्योत. ट्रकमालक मात्र तोक्योतलेच मतदार, म्हणून त्यांच्यासाठी फिल्टरला अनुदान आणि गाडीच्या पहिल्या नोंदणीपासून सात वर्षांची सूट. परक्याला नियम, आपल्याला मुदत.

आज

तुम्ही पुन्हा टेकडीवर आहात. २०११ मध्ये याच परिसरात क्रोमियमयुक्त पाणी पुन्हा झिरपलं होतं, आणि महानगर सरकारला अजूनही इथल्या पाण्यावर लक्ष ठेवावं लागतं. खाली उतरून सहा-चोमेकडे चाललात की निवडणुकीचे फलक दिसतात, ओळीनं उमेदवारांचे चेहरे. हे उमेदवार तुमच्या वसाहतीसमोर येतात, वाकून नमस्कार करतात आणि तुमचा चेहरा पाहून पुढच्या माणसाकडे वळतात. जपानमध्ये परदेशी नागरिकाला स्थानिक निवडणुकीतही मत नाही. २०१९ मध्ये नदीपलीकडच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेत महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक निवडून गेले, पण त्यासाठी त्यांना आधी जपानी व्हावं लागलं. तुम्ही कर भरता, हवा घेता, उद्यानाच्या मातीवर मुलं खेळवता, तरी उमेदवाराच्या बेरजेत तुम्ही नाही. १९५८ च्या उरायासूच्या कोळ्याची जागा आता तुमची आहे.

डोंबिवलीत २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीचा रस्ता रसायनांनी गुलाबी झाला, तेव्हा तुम्ही घरी फोन करून विचारपूस केली होती. नंतर धोकादायक कारखाने पाताळगंगेकडे हलवायच्या गोष्टी सुरू झाल्या. डोंबिवलीकरांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि कुठल्याही पक्षाच्या नेत्याला तो श्वास ऐकायलाच हवा होता. पाताळगंगेच्या काठी राहणाऱ्यांची मतं वेगळ्या मतदारसंघात पडतात. तोकुयामाच्या लोकांची पडत होती, तशी.

म्हणून नेत्याची भूमिका तपासताना त्याच्या देणग्यांची यादी बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. मतदारसंघाचा नकाशा पसरा आणि त्यावर तीन गोष्टी उतरवा: पगार कुठं मिळतो, मळ कुठं वाहून जातो, आणि तिथं राहणाऱ्याला मत आहे की नाही. बऱ्याच वेळा भाषण ऐकायच्या आधीच भूमिका कळून येते. तरीही इथं जे काही सुधारलं, त्याची सुरुवात बेरजेबाहेरच्या माणसांनी केली. फाटकावर गेलेले कोळी, कोर्टात गेलेल्या विधवा, ट्रक अडवणारं कोतो. बेरजेत नसणाऱ्याला आपला आवाज स्वतःच तिथवर पोचवावा लागतो, आणि तो पोचल्यावर नेते फार लवकर सांगतात की हे तर आम्ही पहिल्यापासून म्हणत होतो.